मृणाल आणि तिची तांबडी मंडळी

मृणाल पेडणेकरचा मी हेवा केला, आणि तो थोडाथोडका नाही, चांगली अकरा वर्षं. आता हे सांगायला हरकत नाही. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी "काहीतरीच काय" म्हणून हसले असते आणि वर तिच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले असते. तिच्याबद्दल चांगले शब्द बोलायला मी कायम तयार असायचे.

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे आणि ती सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या दोघींच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती. भिंतीत एक दार होतं आणि ते सताड उघडं असायचं, कारण मृणालला दार लावायची सवयच नव्हती. माझ्याकडच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, चिठ्ठ्या समोर. तिच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्या. एकीत कांजूरमार्गच्या खाडीकाठचा चिखल, दुसरीत कुठल्याशा गटाराचं पाणी, तिसरीत काय आहे ते तिलाही आठवत नसे. एका बरणीवर अजून 'कैरी, मेथी घातलेली' अशी चिठ्ठी होती आणि आत हिरवंकाळं काहीतरी बुडबुडत होतं. परीक्षक आले की मी ते दार ओढून घ्यायची.

ती बुटकी, रुंद बांध्याची, आवाज मोठा. केसांना कागद लावायची काळी क्लिप. ओढणीला कायम कसले ना कसले डाग. मधल्या सुट्टीत ती स्वतःचा डबा उघडायच्या आधी माझा उघडायची. "काय आणलंस? दे." मी द्यायची. माझी भेंडी खाऊन ती म्हणायची, "विद्या, तू भाजीसुद्धा मोजूनमापून करतेस ना गं?" ते कौतुक होतं की टोमणा, हे मला कधी कळलं नाही. तिला टोमणे मारता येत नसत, हे फार उशिरा कळलं.

जिवाणूंना ती 'मंडळी' म्हणायची. "आमच्या मंडळींना आज बरं नाहीये." "मंडळी रुसलीत." एखादा प्रयोग पंधरा दिवस रखडला तरी ती निवांत. मुलं कुरकुरायला लागली की म्हणायची, "घाई आपल्याला आहे रे, त्यांना कुठेय?" आणि मुलं थांबायची. माझ्या वर्गात तासाची घंटा व्हायच्या आधीच वह्या बंद व्हायच्या. तिच्या वर्गातून घंटा होऊन गेल्यावरही पोरं बाहेर येत नसत. दाराच्या अलीकडे उभी राहून मी ते मोजलेलं आहे. सात मिनिटं, नऊ मिनिटं.

कॉलेजच्या फाटकाजवळ एका जुन्या पाइपातून पाणी झिरपायचं आणि खाली नारिंगी, बुळबुळीत थर साचायचा. सगळे त्यावरून उडी मारून जात. एकदा मृणाल तिथे उकिडवी बसली, कँटीनच्या चमच्याने तो चिखल खरवडला आणि कपात घेऊन वर आली. मुली "शी" म्हणाल्या. तिने एक थेंब काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि ओरडली, "अगं, वेण्या घातल्यात यांनी!"

मग रांग लागली. तिची मुलं, माझी मुलं, शिपाई, शेवटी प्राचार्यसुद्धा. मी गेले नाही. मला पेपर तपासायचे आहेत, असं मी सांगितलं. सगळे गेल्यावर मात्र मी त्या उघड्या दारातून आत शिरले आणि भिंगाला डोळा लावला. खरोखरच वेण्या होत्या. केसाहून कितीतरी बारीक, पिळदार, तांबूस सोनेरी फिती, एकमेकींत गुंतलेल्या. पाण्यात विरघळलेलं लोह हे जिवाणू पकडतात, त्याचा गंज करतात आणि त्या गंजाची अशी फीत आपल्या मागे सोडत जातात. पुस्तकात मी हे वाचलं असेल. पाहिलं कधीच नव्हतं. इतकी वर्षं मी लोहाची समीकरणं फळ्यावर लिहीत होते, आणि लोह असं दिसू शकतं हे मला एका गटारावर बसलेल्या बाईने दाखवलं. मला ते फार सुंदर वाटलं, आणि त्याच क्षणी फार वाईट वाटलं. भिंगाचा दिवा मालवून मी माझ्या खोलीत आले आणि मधलं दार लावून घेतलं.

आम्ही राहायचो मुलुंडला, पूर्वेला. महापालिकेचं पाणी पिण्यापुरतं यायचं. अंघोळ, कपडे, संडास या सगळ्याला आवारातली बोअरवेल. ते पाणी वर येताना काचेसारखं स्वच्छ असायचं आणि बादलीत तासभर राहिलं की तांबडं व्हायचं. जमिनीखाली हवा नसते, म्हणून लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की गंजतं. फरश्या तांबड्या, नळ तांबडे, मुलांचे शाळेचे सदरे पिवळे. माझ्या सासूबाई कॉटनची पांढरी पातळं नेसायच्या. त्यांची पातळं चहात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली होती.

सोसायटीचे सेक्रेटरी चव्हाण माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या. काहीतरी करा यार, बायको रोज शिव्या घालते."

मी केलं. पाण्यात ब्लीचचा ठरावीक डोस, त्याने लोहाचा झटपट गंज, आणि पुढे वाळूच्या टाकीत तो गाळून काढायचा. कागदावर उत्तम होतं. पहिले आठ दिवस पाणी स्वच्छ आलं, लोक जिन्यात थांबवून बोलले, आणि सासूबाई पहिल्यांदाच शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सुनेन केल्यान." ते वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल!

मग बिघडायला लागलं. बोअरच्या पाण्यातलं लोह रोज सारखं नसे. ब्लीच कमी पडलं की पाणी तांबडं, जास्त झालं की अख्ख्या जिन्याला जलतरण तलावाचा वास. केस राठ झाले, रंगीत कपडे विटले. वाळू दर दोन दिवसांनी चोंदायची. मी डोस बदलत राहिले, तक्त्यांवर तक्ते केले. शेवटी सोसायटीच्या बैठकीत तळमजल्यावरच्या एका बाईंनी आपला विटका परकर सगळ्यांसमोर उंच धरला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चव्हाण हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉलेजात त्या पेडणेकर मॅडम आहेत ना? माझा भाचा सांगत होता, त्या लोखंड खाणारे जंतू पाळतात."

"खात नाहीत," मी म्हटलं. "लोहापासून ऊर्जा मिळवतात."

"तेच हो."

रविवारी मृणाल आली. टाकीत डोकं घालून वास घेतला, वाळू हातात चोळली. मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाली, "विद्या, हे तुझं काम आहे. मी हात घातला तर तुला चालेल ना?"

सगळे बघत होते. काय बोलणार? "अगं, चालेल काय, कर ना," मी म्हटलं. तिने विचारायला नको होतं असं तेव्हा वाटलं. आणि विचारलं नसतं, तर तेही मी मनात ठेवलं असतं.

चहाला ती वर आली. सासूबाईंनी तिचं आडनाव ऐकलं आणि ताठ बसल्या. "तुझो गाव खंयचो गो?"

"कुडाळाकडचो. तुमचो?"

"मालवणाकडचो."

झालं. पुढचा तासभर त्या दोघींच्या तोंडून मालवणी असं काही वाहत होतं की मी, नाशिकची, त्या घरात वीस वर्षं काढलेली, कप उचलून आत गेले. आतून ऐकू येत होतं. "ह्या पाण्यान माझ्या पातळांची वाट लावल्यान गो." आणि मृणालचं, "आये, दोन म्हयने धीर धरा. तुमची पातळां पांढरीशुभ्र होतली." मी वीस वर्षं त्यांना 'आई' म्हणत आले होते. हिने तासाभरात 'आये' केलं.

मृणालने ब्लीच बंद केलं. पाणी भोकाभोकांच्या पाइपातून पत्र्यावर पडेल आणि तिथून वाळूत उतरेल, एवढीच हवा त्याला द्यायची. फार हवा दिली तर लोह आपलं आपणच गंजतं आणि मंडळींच्या हाती काही लागत नाही. मग कॉलेजच्या फाटकाजवळचा तो नारिंगी चिखल तिने बादलीभर आणून वाळूवर ओतला. विरजण लावतात तसं. वाळू धुवायची असेल तर बोअरच्याच पाण्याने, हलक्या हाताने. ब्लीचचा थेंबसुद्धा नाही. हे तिने चव्हाणांना एकदा सांगितलं आणि मला दहा वेळा. मी इमारतीतच राहायचे, म्हणून.

तीन आठवडे पाणी तांबडंच होतं. लोक कुजबुजायला लागले. लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, "यापेक्षा विद्या मॅडमचं बरं होतं." मी घरी येऊन शिरा केला. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, सहज."

पाचव्या आठवड्यात मृणालने मला फिल्टरच्या पाण्याची बाटली दिली. "तू तपास गं. तुझा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. माझं कुणी खरं मानणार नाही."

मी नायट्रिक आम्ल घालून गरम केलं, मग थायोसायनेटचे थेंब टाकले. लोह असेल तर पाणी रक्तासारखं लाल होतं. माझ्या नळीतलं पाणी जरासुद्धा बदललं नाही. मी पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा. शंका म्हणून बोअरचं थेट पाणी घेतलं, ते भडक लाल झालं. म्हणजे द्रावणं ठीक होती, हातही ठीक होता. तिचं पाणी निर्मळ होतं.

तिला मी दोन दिवसांनी सांगितलं. ते दोन दिवस नळी स्टँडवर तशीच ठेवली होती. येता जाता बघत होते, अजून रंग चढतोय का.

सासूबाईंची पातळं उजळली. इमारतीत त्या टाकीला लोक 'पेडणेकर फिल्टर' म्हणू लागले. दसऱ्याला लोकांनी तिच्यावर झेंडूचं तोरण लावलं. मृणाल आली की लहानथोर खाली उतरायचे. ती झाकण उघडून वाळूवरचा तांबडा, मऊ थर दाखवायची आणि म्हणायची, "हे घाण नाही. हे घर आहे त्यांचं."

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीने टाक्या धुणारी माणसं बोलावली. चव्हाण गावाला गेले होते. मी खाली भाजी घ्यायला उतरले तेव्हा त्यांतला एक फिल्टरचं झाकण काढून उभा होता.

"मॅडम, हिच्यात पण पावडर मारायची का? आत सगळी घाण बसलीय."

बाजूला ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं होतं.

"तुम्हाला काय सांगितलंय?" मी विचारलं.

"सगळ्या टाक्या धुवा म्हणाले."

"मग सांगितलंय तसं करा."

मी भाजी घेतली. मेथी निवडायची म्हणून जुडी हलवून बघितली, भाव केला. परत आले तेव्हा त्याने वाळू उपसून, पावडर घालून, घासून पुन्हा भरली होती. इतकी पांढरी वाळू मी कधी पाहिली नव्हती. "झकास झाली ना?" तो म्हणाला. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नळाला तांबडं पाणी आलं.

चव्हाण परतल्यावर मृणालला बोलावणं गेलं. तिने मूठभर वाळू नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मी बघू शकले नाही. चव्हाण फोनवर टाक्या धुणाऱ्यावर तडकले, आणि त्याने पलीकडून जे सांगितलं ते चव्हाणांनी तसंच्या तसं मोठ्याने म्हटलं: "काय? विद्या मॅडमना विचारून केलं?"

आवारात दहाबारा माणसं होती. सासूबाई पायरीवर बसलेल्या. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

"तिला कुठे माहीत होतं?" मृणाल म्हणाली. "ब्लीच चालत नाही हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चव्हाणांना सांगितलं आणि विसरले. माझीच चूक."

लोकांनी मानलं. मृणाल विसरभोळी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई म्हणाल्या, "जावंदे गो, चुका व्हतत."

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षा येईना. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"दहा वेळा सांगितलं होतं."

"हो."

"मग का गं?"

मला काहीतरी शहाणं बोलायचं होतं. निघालं ते एवढंच: "सगळे तुझंच ऐकतात."

ती चिडली. मी तिला अकरा वर्षांत तेवढं एकदाच चिडलेलं पाहिलं. "मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "माझ्यावर राग होता तर मला चार शिव्या द्यायच्या होत्यास. त्यांनी काय केलं होतं तुझं?" मला वाटलं ती सोसायटीतल्या लोकांबद्दल बोलतेय. मग कळलं, मंडळींबद्दल बोलत होती.

रिक्षा थांबली. बसता बसता ती म्हणाली, "आता परत तू उभं करायचंस. मी येणार नाही. मला फोनही करू नकोस."

आणि ती आली नाही. कॉलेजात रोज भेटायची, माझा डबा उघडायची, चार घास खायची, पण फिल्टरचं नाव काढायची नाही. मी काही विचारायला गेले की म्हणायची, "तू बघ."

मी पाहिलं. कॉलेजच्या फाटकाजवळचा पाइप तोवर बदलला होता, तिथे चिखल उरला नव्हता; पण फिल्टरमधून बाहेर पडणारा पाइप जिथे वाकतो त्या कोपरात ब्लीच पोचलं नव्हतं. तिथे बोटभर नारिंगी चिखल शिल्लक होता. मी बाही वर करून हात घातला आणि तो नखांनी खरवडून काढला. वाळू बोअरच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, ब्लीचचा वास जाईपर्यंत. चिखल पसरला. मग रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी अर्धा तास झाकण उघडून उभी राहायची. करायला काहीच नसतं, हे त्यातलं सगळ्यात अवघड काम. पाण्याची धार थोडी कमी कर, थोडी वाढव, बस्स. हात शिवशिवायचे, काहीतरी घालावं, ढवळावं. लोक जाता येता विचारायचे, "पेडणेकर मॅडम कधी येणार?" मी म्हणायची, "येतील."

एकदा सासूबाई खाली येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ वाळूकडे बघून म्हणाल्या, "तुका ठावक होता मा?" एवढंच. मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातावरचा चिखल आपल्या पदराने पुसला. पांढऱ्या पदराने. मग वर निघून गेल्या आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

सहाव्या आठवड्यात वाळूवर तांबडी साय धरली. मी बाटली भरून कॉलेजात नेली, तपासली. नळीतलं पाणी तसंच राहिलं, जराही रंग नाही. ती नळी घेऊन मी मधल्या दारातून धावत गेले. मृणाल वर्ग घेत होती. तिने नळी उजेडाकडे धरली आणि मुलांना म्हणाली, "बघा रे, विद्या मॅडमनी केलंय." मग त्यांना लोहाचं सगळं प्रकरण शिकवायला लागली. मी दारात उभी राहून अख्खा तास ऐकला. फार सुंदर शिकवत होती. मला तेव्हाही हेवा वाटला. जातच नव्हता.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची नोकरी बदलली, ती गोरेगावला राहायला गेली आणि तिकडच्याच एका कॉलेजात लागली. आम्हा पूर्व उपनगरांतल्या लोकांना पश्चिम उपनगरं म्हणजे दुसरा देश. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं, तिच्याबद्दल चांगलं बोलले, आणि या वेळी बोलताना मला मधेच थांबावं लागलं. फोन सुरुवातीला आठवड्याला व्हायचे, मग सणासुदीला. तिच्या जागी आलेला मुलगा नीटनेटका आहे. दार लावून घेतो.

गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला गोरेगावला गेले होते. हॉल सापडत नव्हता. गल्लीत चुकले आणि एका इमारतीच्या कुंपणापलीकडून ते हसणं ऐकू आलं. ते हसणं मी कुठेही ओळखलं असतं. जाळीतून बघितलं. आवारात वाळूची टाकी होती, भोकाभोकांच्या पाइपातून पाणी पडत होतं. मृणाल पाठमोरी, सलवार ढोपरापर्यंत दुमडलेली, केस पुष्कळ पिकलेले. तिच्या शेजारी माझ्या वयाची एक बाई होती, हातात वही घेतलेली. दोघी टाकीवर वाकल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. ती बाई काहीतरी म्हणाली आणि मृणाल पुन्हा हसली.

मी अंगावर पैठणी, डोक्यात गजरा अशी जाळीला धरून उभी. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्या वहीवाल्या बाईकडे बघता बघता हाक राहून गेली. मृणालच्या कामाचा हेवा मला सवयीचा होता. आज हेवा वाटत होता तो त्या बाईचा.

तेवढ्यात मृणालने मागे न बघताच डावा हात वर केला, मनगटापर्यंत नारिंगी झालेला, आणि पंजा हलवला.

मीही हात वर केला. हसलेसुद्धा.

मग आवारातच, माझ्या बाजूच्या खांबाआडून कुणीतरी नळाचं चाक फिरवलं, टाकीत पडणारी पाण्याची धार बारीक झाली, आणि मृणालने हात खाली घेतला.